घरच्या घरी अक्षरओळख: आधी कान, मग डोळे, मग हात

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही एसटी स्टँडवर अलिबागच्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो. गाडी लागली, तिनं पाटीवरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि जोरात म्हणाली, "आई, अननस!" आजूबाजूच्या बायकांनी कौतुक केलं. मलाही आधी आनंदच झाला. रात्री मात्र विचार करत बसले. भिंतीवर आम्ही मुळाक्षरांचा तक्ता लावला होता आणि रोज म्हणून घेत होतो: अननसाचा अ, आगगाडीचा आ, इमारतीचा इ. मुलीनं त्या आकाराचं नाव 'अननस' असं पाठ केलं होतं. अलिबाग हा शब्द 'अ'पासून सुरू होतो, हे तिच्या कानाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी घरात आणि नंतर बालवाडीच्या वर्गात अक्षरं शिकवायची रीत बदलली. ती रीत इथे सविस्तर लिहिते आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आई-बाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठीही, कारण पुष्कळ घरांत हे काम तेच करतात.

मराठीची सोय आणि मराठीची एक लबाड जागा

इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. 'एच' म्हणायचं आणि आवाज 'ह्' काढायचा, 'डब्ल्यू' म्हणायचं आणि आवाज 'व्' काढायचा. मराठीत 'म' या अक्षराचं नावही 'म' आणि आवाजही 'म'. त्यामुळे नाव वेगळं आणि आवाज वेगळा असं दुहेरी ओझं मुलावर पडत नाही. ही सोय आपण तक्त्यावरच्या चित्रांच्या नादात घालवून बसतो. मुलाला अक्षर दाखवताना 'मगरीचा म' असं कायम म्हणत राहू नका. पहिल्या एकदोन वेळा ओळख म्हणून चालेल, नंतर फक्त 'म'. चित्र बाजूला घ्या, अक्षर एकटं दाखवा.

लबाड जागा वेगळीच आहे. 'मगर' हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. आपण म-ग-र असे तीन सुटे आवाज काढत नाही, म-गर् असे दोनच ठोके पडतात. शेवटच्या 'र'मधला 'अ' बोलताना गळून जातो. 'बदक'चंही तसंच, ब-दक्. कागदावर अक्षरं तीन, कानाला ठोके दोन. लहान मूल 'म... ग... र...' असं सगळे 'अ' पूर्ण ओढून वाचतं आणि शेवटी त्याच्या हाती 'मऽगऽरऽ' असं काहीतरी लागतं. तो ओळखीचा प्राणी आहे हे त्याला कळतच नाही.

आता 'मामा' म्हणा. मा-मा. अक्षरं दोन, ठोके दोन. राजा, काका, पाटी, गाडी, टोपी या सगळ्या शब्दांत कानाला ऐकू येतं तेच कागदावर असतं. 'काना-मात्रा नसलेले शब्द सोपे' ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, पण ती हाताच्या दृष्टीनं खरी आहे, कानाच्या दृष्टीनं नाही. माझ्या अनुभवात 'मामा' हा शब्द मुलं 'कमळ'च्या कितीतरी आधी वाचतात. म्हणून सगळी व्यंजनं संपेपर्यंत काना थांबवून ठेवायचा नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच आणायचा. या लेखातला सगळा क्रम याच एका गोष्टीवर उभा आहे.

पहिली पायरी: अक्षर न दाखवता, नुसते आवाज

साधारण तीन ते चार वर्षांच्या मुलासाठी. मूल मोठं असलं तरी ही पायरी गाळू नका, निदान दोन आठवडे द्या. वही नाही, पाटी नाही, तक्ता नाही. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, शाळेच्या रिक्षाची वाट पाहताना हे खेळ होतात.

सुरुवात मुलाच्या नावापासून करा. त्याच्या नावाचा पहिला आवाज कोणता? तोच आवाज घरात आणखी कुठे ऐकू येतो? मुलगा मिहीर असेल तर मीठ, मिरची, मिशी. मग 'मी पाहिलं, तू ओळख' खेळा: "या खोलीत एक वस्तू आहे, ती 'ता'नं सुरू होते." ताट, तांब्या चालेल, पण तारीख-वार दाखवणारं कॅलेंडर चालणार नाही. मुलानं चुकीचं उत्तर दिलं तर 'चूक' म्हणू नका, दोन्ही आवाज शेजारी ठेवून दाखवा: "कॅऽऽलेंडर, ताऽऽट. सारखं वाटतं का?" त्याच्या कानाला फरक करू द्या.

दुसरा खेळ टाळ्यांचा. गा-डी, पा-णी, बा-हु-ली, टो-मॅ-टो. एका आवाजाला एक टाळी. वर सांगितलं त्या कारणासाठी या खेळात मगर, बदक, कमळ असे शब्द सध्या घेऊ नका. मुलानं स्वतःहून घेतले आणि दोन टाळ्या वाजवल्या, तर त्याचा कान बरोबर आहे.

तिसरा खेळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेच: भेंड्या. गाण्यांच्या भेंड्या मोठ्यांसाठी, लहानांसाठी शब्दांच्या. 'पाणी' म्हटलं की पुढच्यानं 'णी'वरून शब्द शोधायचा, आणि इथेच मूल अडतं, कारण 'ण'नं सुरू होणारा शब्द आपल्या बोलण्यात नाही. अशा वेळी 'न' चालेल असा घरचा नियम करून टाका. शेवटचा आवाज पकडणं हे पहिला आवाज पकडण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून हा खेळ चौथ्या वर्षाच्या पुढेच जमतो.

आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा खेळ: आवाज जोडणे. तुम्ही रोबोसारखं तुटक बोलायचं, मुलानं जोडायचं. "मला दे... टो... पी." "चल... बा... गेत." ज्या मुलाला हा खेळ कानानं जमतो, त्याला पुढे अक्षरं जोडून वाचणं जवळजवळ आपोआप येतं. ज्याला जमत नाही, त्याला पन्नास अक्षरं पाठ असली तरी 'मा' आणि 'मा' शेजारी ठेवल्यावर 'मामा' दिसत नाही. त्यामुळे हा खेळ बरा जमेपर्यंत पुढे जाण्याची घाई नको.

दुसरी पायरी: चार अक्षरं आणि काना

बाराखडीच्या किंवा वर्णमालेच्या क्रमानं शिकवू नका. अ, आ, इ, ई हा क्रम शब्दकोश शोधायला उपयोगी आहे. मुलाला मात्र पहिल्या दहा दिवसांत काहीतरी वाचता आलं पाहिजे, आणि अ-आ-इ-ई या चार स्वरांतून त्याला 'आई' सोडला तर एकही कामाचा शब्द मिळत नाही.

आपल्याकडे 'ग म भ न' या क्रमाची जुनी परंपरा आहे. त्यात उजवीकडे उभी रेघ असलेली, वळणानं जवळची अक्षरं एकत्र आहेत. लिहायला तो क्रम फार चांगला. पण 'म' आणि 'भ' दिसायला इतके जवळचे, की एकाच आठवड्यात दोन्ही दाखवले तर मुलाचा गोंधळ होतो. मी 'भ' बाजूला ठेवते आणि त्याच्या जागी 'र' घेते.

पहिला संच: ग, म, न, र. सोबत काना.

एवढ्यात काय काय होतं पाहा: मामा, नाना, राग, मान, राम, गार, मार, नारा. मग मगर, नगर, गरम, नरम.

अक्षरपट्ट्या घरीच करा. जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू यासाठी उत्तम, कागद जाड असतो. तळहाताएवढे तुकडे कापा आणि ठळक काळ्या स्केचपेननं एका पट्टीवर एकच अक्षर लिहा. चित्र काढू नका. काना वेगळ्या, अरुंद पट्टीवर लाल रंगानं काढा. तो सुटा असला पाहिजे, म्हणजे मूल स्वतःच्या हातानं 'म'ला चिकटवेल आणि 'मा' झालेला ऐकेल. 'ग'शेजारी ठेवला की गा, 'न'शेजारी नेला की ना. हा सरकणारा काना मुलांना फार आवडतो. माझ्या वर्गातली एक मुलगी तो काना मुठीत धरून घरी घेऊन गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या प्रत्येक अक्षराला लावून आली.

एका दिवशी एकच नवं अक्षर, आणि तेही तीन टप्प्यांत. पहिल्यांदा तुम्ही सांगायचं: "हा म." दुसऱ्यांदा विचारायचं: "म कुठे आहे? मला दे. खुर्चीवर ठेव." तिसऱ्यांदा दाखवून विचारायचं: "हे काय?" बहुतेक पालक थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात आणि मुलाला सांगता आलं नाही की नाराज होतात. ओळखणं आधी येतं, नाव आठवणं नंतर. मधल्या टप्प्यावर दोन-तीन दिवस रेंगाळलं तरी काही बिघडत नाही.

काना आला की शब्द लावा. 'मा' आणि 'मा' थोड्या अंतरावर ठेवा, बोट पहिल्यावर: "माऽऽ", बोट न उचलता दुसऱ्याकडे सरकवत: "माऽऽमा". पट्ट्या आवाजाबरोबर जवळ आणा. आवाज मध्ये तुटू देऊ नका, हीच खरी युक्ती आहे. म, न, र, स, ल, व हे आवाज ओढता येतात, म्हणून ते जोडायला सोपे. क, ग, ट, प हे आवाज ओढता येत नाहीत, लगेच संपतात.

आणि 'मगर'? तो मागून वाचायला शिकवा. आधी 'ग' आणि 'र' शेजारी: "गर. फणसातला गर." दोन-तीनदा म्हणून झालं की पुढे 'म' आणून ठेवा: "म... गर. मगर!" मग 'म' काढून 'न' ठेवा. नगर. माझ्या मुलीनं ज्या दिवशी हे जमवलं, त्याच आठवड्यात स्टँडवरच्या दुसऱ्या एका गाडीची पाटी तिनं स्वतःहून वाचली. तेव्हा पाट्यांवर 'नगर' असंच लिहिलेलं असे. या वेळी बाजूच्या कुणाचं लक्ष नव्हतं, पण ती मात्र गाडी सुटेपर्यंत 'नगर, नगर' म्हणत राहिली.

पुढचे संच

दुसऱ्या संचात ब, स, त, क. आता घर भरतं: बाबा, काका, ताक, नाक, कान, तारा, मासा, बाग, तास, रस, बस, सरबत. तिसऱ्यात ल, प, ट, आ आणि दुसरी वेलांटी: आला, लाल, पान, ताट, पाटी, मामी, काकी. चौथ्यात ज, ण, ड, व आणि ई: आजी, पाणी, गाडी, नाव, आई. खरं तर 'आई' हा शब्द आणि मुलाचं स्वतःचं नाव पहिल्या दिवसापासून चित्रासारखे पूर्ण ओळखायला लावले तरी चालतं. त्यासाठी त्यांच्या अक्षरांची पाळी यायची वाट पाहायची गरज नाही.

वेलांटी दुसरी का आधी, पहिली का नाही? दोन कारणं. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी, 'आणि'सारखे थोडे अपवाद सोडले तर, दीर्घच लिहितात, त्यामुळे मुलाच्या रोजच्या शब्दांत तीच जास्त दिसते: आजी, पाणी, गाडी, चटणी. आणि पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, पण बोलायची नंतर. 'किती'मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि तोंडानं आधी 'क' म्हणावा लागतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे उलटं प्रकरण पचायला वेळ लागतो. त्यासाठी दुसरी वेलांटी पक्की झाल्यावर निवांत एक आठवडा ठेवा.

मग मात्रा (केळी, पेरू, मेण), काना-मात्रा (मोर, टोपी, दोरी), उकार, अनुस्वार (रंग, पंख, आंबा). दोन मात्रा नंतर. ॲ आणि ऑ मात्र फार लांबवू नका. मुलांच्या आजूबाजूला बॅट, बॅग, बॉल, डॉक्टर, टॉवेल हे शब्द दिवसभर असतात. राज्य शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयात या दोन स्वरांना जागा मिळालेली आहे, त्यामुळे मराठी वर्णमालेत ते उपरे नाहीत. त्याच निर्णयानं मराठी वळणाचे श आणि ल ठरवून दिले. मोबाइलवरच्या पुष्कळ टंकांत हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. घरात पट्ट्या लिहिताना पाठ्यपुस्तकातलं वळण पाहून लिहा, नाहीतर शाळेत गेल्यावर मुलाला तीच अक्षरं अनोळखी वाटतात.

ङ आणि ञ यांची ओळख घरी करून द्यायचं काहीच कारण नाही. ज्ञ, क्ष, रफार आणि बाकीची जोडाक्षरंही पहिलीवर सोडा.

दिसायला जवळची अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवायचा नियम सगळ्या संचांत पाळा: म-भ, घ-ध, ब-व, प-ष, य-थ, ट-ठ-ढ. एक पूर्ण पक्कं झालं की मगच दुसरं. दोन्ही येऊ लागल्यावर मात्र मुद्दाम शेजारी ठेवून 'फरक शोधा' खेळायचा: "घ आणि ध मध्ये कुणाच्या डोक्यावर गाठ आहे?"

'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' ही बाराखडीची लय गोड आहे आणि ती मुलांनी म्हणायलाच हवी. पण ती सरकत्या पट्ट्यांनंतर म्हणावी. आधी अर्थ हाताला कळलेला असला की पाठांतरात जीव येतो.

जवळचे आवाज: ख, थ, ळ, ण

काही मुलं 'ख'ला 'क' आणि 'थ'ला 'त' म्हणतात. त्यांना रागावून उपयोग नाही, फरक दाखवावा लागतो. टिश्यू किंवा पतंगाच्या कागदाची बोटाएवढी रुंद पट्टी ओठांसमोर धरा. 'प' म्हणा, पट्टी जेमतेम हलते. दोन्ही ओठ मिटून ठसठशीत 'फ' म्हणा, पट्टी उडते. तसंच त-थ, क-ख. मग पट्टी मुलाच्या तोंडासमोर धरा. पाच मिनिटांत त्याला कळतं की 'ख'मध्ये वारा आहे. ग-घ आणि ब-भ मध्ये हा वारा कमी जाणवतो, त्यामुळे त्यांच्यासाठी पट्टीवर विसंबू नका, शब्दांच्या जोड्या घ्या: गार-घार, बात-भात, बाजी-भाजी.

त-ट, द-ड, न-ण, ल-ळ यांच्यासाठी आरसा. 'त' म्हणताना जीभ दातांना लागते, 'ट' म्हणताना वर टाळूकडे वळते. 'ळ'साठी ती आणखी मागे जाते आणि पुढे आपटते. वेल-वेळ, काल-काळ, मूल-मूळ या जोड्या मूल हसतहसत म्हणतं. ळ उशिरा येणं अगदी स्वाभाविक आहे.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पुष्कळ घरांत पाण्याला 'पानी' म्हणतात. खानदेश-वऱ्हाडाकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात. ती घरची भाषा आहे, आजीच्या तोंडची भाषा आहे, आणि तिला चूक म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. मुलाला एवढंच सांगा: "आपण 'पानी' म्हणतो, पुस्तकात 'पाणी' लिहितात." मुलं दोन रूपं सहज सांभाळतात. बोलताना दर वेळी टोकलं तर मूल बोलायचंच बंद होतं, आणि जे मूल बोलत नाही त्याला वाचायला शिकवणं फार कठीण जातं.

च, ज, झ या अक्षरांना मराठीत दोन-दोन आवाज आहेत. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळा, 'जहाज'मधला ज आणि 'जेवण'मधला ज वेगळा, 'झाड'मधला झ आणि 'झेंडा'तला झ वेगळा. अक्षर शिकवताना कोणता तरी एक आवाज धरा आणि दुसरा शब्द वाचताना आपोआप येऊ द्या. मराठी घरातलं मूल 'चमचा' ओळखीचा असल्यामुळे आवाज स्वतःच दुरुस्त करतं. परदेशात किंवा दुसऱ्या भाषेच्या राज्यात वाढणाऱ्या मुलांना मात्र हे दोन्ही आवाज कानानं भरपूर ऐकवावे लागतात, कारण त्यांच्या आजूबाजूला 'चमचा'तला च सहसा कानावर पडत नाही.

तिसरी पायरी: हात

लिहिण्याची घाई हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं. चार वर्षांच्या मुलाला चार रेघी वही आणि टोकदार पेन्सिल देऊन पानभर 'अ' काढायला लावतात. त्या वयात मनगटाची आणि बोटांची तयारी झालेली नसते. आधी पीठ मळू द्या, शेंगा सोलू द्या, मणी ओवू द्या, खडूनं फरशीवर मोठे गोल काढू द्या.

मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतली खरखरीत अक्षरं आजही जगभर वापरतात. घरी करणं सोपं आहे: हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा, अक्षर कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलानं दोन बोटं त्यावरून लिहिण्याच्या दिशेनं फिरवायची आणि त्याच वेळी आवाज म्हणायचा. डोळा, बोट आणि कान एकदम काम करतात. पॉलिश पेपर बोटाला फार टोचत असेल तर डिंकावर रवा भुरभुरवा.

त्याहून साधी आणि आपली गोष्ट म्हणजे धूळपाटी. स्टीलच्या परातीत रांगोळीचा पातळ थर पसरा, बोटानं अक्षर काढा, परात हलवली की पुसलं. चूक झाली तरी खुणा उरत नाहीत, म्हणून मूल घाबरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम केलं. पानं, बिया, शिंपले, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी शिक्षणाची साधनं उभी केली. महागडे संच विकत आणण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात एकदा पाहा, एवढंच त्यावरून सुचवते. चिंचोके, तांदूळ, डाळी सगळं चालतं. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर चिंचोके आणि मणी मात्र नजरेखालीच ठेवा.

लिहिताना अक्षरांची कुटुंबं करा. 'व' आला की पोटात तिरकी रेघ दिली की ब, उजवीकडे शेपूट काढलं की क. 'प' आला की पोटात तिरकी रेघ दिल्यावर ष, शेपूट दिल्यावर फ. 'ट' आला की खाली गोल पूर्ण करून ठ. वाचताना लांब ठेवलेली अक्षरं लिहिताना अशी जवळ येतात, कारण तोवर ती डोळ्यांना पक्की झालेली असतात. डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका, फक्त कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा.

इंग्रजी माध्यमातलं मूल

आता बहुतेक घरांत दोन्ही लिप्या एकदम सुरू असतात. त्यात मराठीचं काही नुकसान होत नाही, पण वेळ वेगळी ठेवा: सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. आणि इंग्रजी आवाज शिकवताना आपली एक मराठी सवय आड येते, ती ओळखा. आपण 'बॅट'चे आवाज ब, ॲ, ट असे 'अ'सकट सांगतो. मूल ते जोडतं तेव्हा 'बअॅटअ' होतं. आवाज अर्धे, आखूड ठेवा: ब्, ॲ, ट्. 'एस'चा आवाज 'स' नव्हे, सापासारखा 'स्स्स'.

दिवसाचं वेळापत्रक

दहा-बारा मिनिटं पुरेत. मला संध्याकाळी दिवे लागल्यावरची वेळ बरी वाटते, पण भूक आणि झोप यांच्या मध्ये सापडणारी कोणतीही वेळ चालेल. आधी तीन मिनिटं कानाचा खेळ, मग जुन्या पट्ट्यांची उजळणी, मग नवीन अक्षर किंवा दोन-तीन नवे शब्द, आणि मुलाला कंटाळा यायच्या आधी बंद. चार अक्षरांच्या संचाला दहा दिवसही लागतील, महिनाही लागेल. शेजारच्या मुलाशी तुलना त्याच्यासमोर तर नकोच, मनातही नको.

झोपताना पुस्तक वाचून दाखवा, ओळीखालून बोट फिरवत. त्या वेळी मात्र "हे अक्षर कोणतं" असं विचारू नका. गोष्ट ऐकताना परीक्षा घेतली की मुलं पुस्तक मिटतात.

मूल वारंवार 'काय?' विचारत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल किंवा सर्दीनंतर त्याचे कान सारखे दुखत असतील, तर अक्षरांचा सराव वाढवायच्या आधी कान तपासून घ्या. ऐकूच कमी येत असेल तर 'क' आणि 'ख' वेगळे कसे कळणार? चार वर्षं उलटली तरी घराबाहेरच्या माणसांना त्याचं बोलणं नीट कळत नसेल, तर वाचातज्ज्ञांना एकदा दाखवा.

आणि एक दिवस मूल स्वतःहून काहीतरी लिहील. बहुधा कुठल्या तरी बिलाच्या पाठीवर, बहुधा चुकलेलं. माझ्या मुलीनं पहिल्यांदा लिहिलं होतं 'मम आल'. मामा दारात उभा होता. मी ते खोडलं नाही, लाल पेन घेतलं नाही. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं: "मामा आला." मग तिच्याच पट्ट्यांतला लाल काना मी तिच्या हातात दिला आणि विचारलं, "हा कुठे कुठे लागेल?" तिनं तीन जागा शोधल्या. तुमच्या घरात अशी चिठ्ठी आली की मागे तारीख घाला आणि जपून ठेवा.